दसऱ्याला पुजलेली चाकं

दसऱ्याला वडनेरच्या आमच्या घरात हाती लागेल त्या लोखंडाची पूजा होते. विळा, पहार, आईची शिलाई मशीन, बाबांची मोटारसायकल. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण एका दसऱ्याला आईने माझे स्केट्सही पाटावर मांडले.

दुसऱ्या दिवशी नागपूरला राज्याच्या संघाची निवड होती. रस्त्यावरची दहा किलोमीटरची शर्यत, जागा फक्त पहिल्या दोघींना. हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घालणाऱ्या अख्ख्या गावाशी भांडून मी सराव केला होता. आणि सकाळी पिशवी भरायला घेते तर आठही चाकांच्या बेअरिंगमध्ये हळद, कुंकू, अक्षता, वर नारळाचं पाणी!

"हे काय करून ठेवलं वं आई?"

"काऊन? मशीनले नाई का करत? तिचं तं काई बिघडत नाई."

आता हिला बेअरिंग काय समजावू, कपाळ माझं! रॉकेलने धुतली, पिनेने कोरली, तरी डाव्या पायाचं एक चाक करकरतच राहिलं. शेवटच्या किलोमीटरला ते अडलं आणि मी तिसरी आले. घरी येऊन आईवर तोंड सोडलं, "तुह्याच्यानं गेलं सारं!" ती काहीतरी बोलायला लागली तेव्हा मी दार आपटून निघून गेले.

पुढच्या वर्षीपासून शहाणी झाले. दसऱ्याआधी नवी जोडी हिंगणघाटला मैत्रिणीकडे, घरात ती करकरणारी. पदकं आली, एकदा देशात पहिलीही आले. आई मात्र दरवर्षी त्या भंगाराची पूजा करत बसायची आणि जेवणं खोळंबायची. माझा नुसता संताप व्हायचा.

यंदा मी शर्यती सोडल्या. तरी दसऱ्याला तीच जोडी पाटावर! मी वैतागून म्हटलं, "आता तरी सोड ना आई. या जोडीवर मी पुन्हा धावलीच नाई."

"मले मालूम हाय. चांगली जोडी तू मैत्रिणीच्या घरी ठेवतं."

"मंग हिची पूजा काऊन?"

"माह्या हातानं तुह्यं एक साल गेलं, बाई. तुही माफी मागाले गेलो तं तू बोलूच देल्लं नाई. म्हून हिलेच मागतो."

मग पहिल्यांदाच मी त्या जोडीकडे नीट पाहिलं. चाकांना कुंकवाचा कणही नव्हता. एक बोट टिळा होता, तोही बुटावर.