तीन पायांचं धुपाटणं

लुंगच्युआनच्या डोंगरात चिनी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्या उदंड, पण धुपाटण्याला पाय लावावेत ते लान वेईनंच, असं सगळे म्हणत. घाट कुठल्याशा पुराणकाळच्या राजांच्या काशाच्या भांड्यांचा. राजधानीतल्या विद्वानांना तसलाच लागे, वर कच्च्या आलुबुखाराच्या रंगाची हिरवी झिलई. वेईनं खरं काशाचं भांडं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे लाकडी नमुना असायचा, बस्स.

तो पोकळ पाय चिकटवून भांडं उजवीकडे सरकवायचा. तिथे त्याची बायको लिऊन्यांग प्रत्येक पायाला बांबूच्या सळईनं बारीक भोक पाडायची. नाहीतर कोंडलेली हवा भट्टीत पाय फोडते.

"मेलेल्या राजाचे पाय असले तरी श्वास नको का त्यांना?" ती दर वेळी म्हणायची. दर वेळी तो हसायचा. मूलबाळ नव्हतं, पण संसार छान चालला होता.

हिवाळ्यात लिऊन्यांग खोकून खोकून गेली. घर खायला उठायचं. भोकं आता पलीकडच्या पडवीत दुसरी माणसं पाडत. हयातभर घडवलेली सगळी धुपाटणी होडीतून खाली शहरात विकायला गेली होती. तिच्या नावाच्या पाटीपुढे वेई उदबत्ती खोचायचा ती टवका गेलेल्या भाताच्या वाडग्यात. त्याची त्याला फार लाज वाटे.

मुकादम खुंग आपणहून म्हणाला, "काका, या खेपेला एक काकूंसाठी लावा भट्टीत. पितरांच्या दिवसाआधी निघेल. मालकांचं मी बघतो."

हे धुपाटणं वेईनं कुणाच्या हाती दिलं नाही. मन लावून पाय बसवले आणि भांडं उजवीकडे, तिच्या रिकाम्या पाटावर सरकवलं. वाळल्यावर तिथूनच उचलून झिलईत बुडवलं.

भट्टी उघडली. रंग असा सुरेख साधला होता की खुंगनं धुपाटणं उचलून उजेडात धरलं. मग त्यानं भांडं फिरवलं. एक पाय फुटून उडाला होता, दुसरा तडकला होता.

"भोकं कुठायत, काका?"

"पाडली की तिनं," वेई बोलून गेला.

खुंगनं मान खाली घातली. फुटका माल आवाराबाहेर न्यायचा नाही, ही इथली रीत. "द्या, मी फोडतो," तो हळूच म्हणाला.

"राहू दे. माझं आहे." वेईनं ते स्वतः ढिगाऱ्यावर आपटलं. पितरांच्या दिवशी पुन्हा तोच वाडगा.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवं धुपाटणं घेतलं. पाय लावले. हात उजवीकडे निघाला आणि वेईनं तो आवरला. तो उठला, वळसा घालून पहिल्यांदाच लिऊन्यांगच्या पाटावर बसला. तिची सळई घेऊन एक, दोन, तीन भोकं पाडली.

"श्वास नको का त्यांना?" तो म्हणाला आणि हसणाऱ्याकडे बघावं तसं त्यानं डावीकडे पाहिलं. तिथे त्याचीच जागा होती, रिकामी.