कवळीमास्तरांचा रणगाडा

कवळीमास्तरांचा स्वभाव मुळातच संशयी. दूध आलं की ते आधी पातेलं तिरकं करून बघत. घराला कुलूप लावलं की ओढून बघत आणि अर्ध्या जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढत. त्यांची बायको म्हणायची, "अहो, त्या कुलपालाही आता वाटायला लागलं असेल, की चोर आपणच आहोत." मास्तर हसत नसत. दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून त्यांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या होत्या. त्या धंद्यात कवळी नीट बसली नाही, की दोष मागच्या खोलीतल्या माणसाचा. माप डॉक्टरांनी चुकीचं घेतलेलं असो, नाहीतर रोग्यानं कवळी उकळत्या पाण्यात टाकलेली असो, बोलणी मास्तरांना. त्यामुळे काही वाकडं झालं की 'हे कुणी केलं?' हाच प्रश्न त्यांच्या मनात आधी यायचा. 'का झालं?' हा मागून यायचा, आणि पुष्कळदा यायचाच नाही.

काम सुटल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून ते प्लॅस्टिकचे छोटे रणगाडे जोडू लागले. कपाटावर त्यांची रांगच लागली होती, सगळे नवेकोरे आणि धडधाकट. आता त्यांच्या मनात एक वेगळा देखावा होता: युद्धात गोळा लागून जागीच मेलेला रणगाडा. रस्त्याकडेचा चर, एक पट्टा तुटून मागे पडलेला, चाकांवरचं रबर जळून गेलेलं, झाकण उघडं. माणूस एकही नाही. टेबलावर खाकी कागद पसरून त्यांनी रस्ता कुठे, चर कुठे हे आखलं, थर्माकोल कापून उंचसखल जमीन केली आणि काजळीसारखा काळा रंग दिलेला रणगाडा तिच्यावर ठेवला. पण काहीच पक्कं चिकटवलं नाही. कवळीचे दात जसे आधी मेणात रोवून बघतात, रोग्याच्या तोंडात बसले तरच पक्के करतात, तसं त्यांनी वरचा बुरूज, तोफेची नळी, चाकं, सगळं आपल्या जुन्या गुलाबी मेणावर तात्पुरतं बसवलं. नळी किती झुकवायची, गाडा किती कलवायचा, हे त्यांचं ठरत नव्हतं. रोज जेवण झालं की ते वाचनालयात जाऊन युद्धाच्या पुस्तकांतले फोटो बघत आणि संध्याकाळी परत येत.

अशात मेहुणा राहायला आला. बायकोचा धाकटा भाऊ. चपलांच्या ज्या दुकानात तो कामाला होता ते बंद पडलं आणि दुकानावरची राहायची खोलीही गेली. दुसरं काम मिळेपर्यंत तो इथेच राहील, असं बायकोनं सांगितलं, विचारलं नाही. खाट मावावी म्हणून मास्तरांनी स्वतःच टेबल ओढून खिडकीपाशी नेलं. म्हणाले, तिथे उजेडही बरा आहे.

मेहुणा बोलायला मोकळा. पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून तो देखावा बघत राहिला. मास्तरांनी न राहवून विचारलं, कसा वाटतो?

"चांगला आहे भावोजी. पण मेलेला नाही वाटत. पार्किंगमध्ये लावलाय, मालक चहा प्यायला गेलाय, असं वाटतं."

बायको खो खो हसली. मास्तरांना ते लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयातून आले, तर तोफेची नळी खाली झुकलेली. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी नळी मुकाट्यानं सरळ केली. पुढच्या दिवशी नळी पुन्हा खाली, आणि बुरूजही एका बाजूला कललेला. दुपारी बायको शिवणवर्गात शिकवायला जायची, म्हणजे घरात एकटा मेहुणा. आणि 'मेलेला नाही वाटत' असं म्हणणाराही तोच. आता कुणाला विचारायचं राहिलं होतं? मास्तरांनी सुतावरून स्वर्ग गाठला: हा माझं काम सुधारायला निघालाय.

मग त्यांनी पाळत ठेवली. रस्त्यावरच्या धुळीसाठी आणलेली पावडर टेबलाच्या कडेला आणि गाड्यावर अगदी हलक्या हातानं भुरभुरली. संध्याकाळी येऊन भिंग घेऊन बघितलं. नळी खाली, पण पावडरीवर बोट उमटलेलं नाही. दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि मोरीजवळचे रबरी हातमोजे चाचपून बघितले. ओले होते. भांडी घासून बायकोनंच ते वाळत टाकले होते, पण मास्तरांना हवा तो पुरावा मिळाला.

त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "मेहुणेराव, खोलीत जागा दिली ती राहायला. माझ्या वस्तूंना हात लावायला नाही."

"मी कशालाच हात लावला नाही भावोजी."

"मग काय रणगाड्यातले सैनिक येऊन वाकवून जातात?"

एरवी मेहुण्यानं यावर काहीतरी विनोद केला असता. त्यानं ताटातला घास संपवला, ताट घासून ठेवलं आणि सकाळी बॅग उचलून गेला. एका मित्राचं खुर्च्या-टेबलांचं गोदाम होतं, तिथे झोपेन म्हणाला. बायको दारापर्यंत गेली. परत येऊन तिनं एवढंच सांगितलं, "लहानपणी माझ्या पेन्सिलीलासुद्धा तो विचारल्याशिवाय हात लावत नव्हता." मग तिनं बोलणंच बंद केलं. चहा समोर आला, पण त्याबरोबर शब्द आला नाही.

त्या दुपारी मास्तर वाचनालयात गेले नाहीत. बायको वर्गाला गेली. आता नळी सरळ राहणार, हे डोळ्यांनी बघायचं म्हणून ते खुर्ची टाकून बसले. समोरच्या इमारतीच्या छपरावरून ऊन सरकलं आणि खिडकीतून थेट काळ्या गाड्यावर येऊन पडलं. बराच वेळ काही झालं नाही. मग झोप लागलेल्या माणसाची मान पडावी तशी नळी हळूच खाली गेली.

मास्तरांनी आधी मागे वळून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं. मग त्यांनी गाड्याला बोट लावलं. तव्यासारखा तापला होता. बुरजाखालचं गुलाबी मेण लोण्यासारखं मऊ झालं होतं.

मेणावर रोवलेले दात उन्हात ठेवायचे नाहीत. ही पाटी मागच्या खोलीच्या खिडकीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून लावली होती.

ते बसून राहिले. मेण खरवडून टाकलं, गोंद लावला, तर कुणालाच काही कळणार नव्हतं. चोर गेला, चोरी थांबली, हिशेब बरोबर. पण समोरचा गाडा आता खरोखर मेलेला दिसत होता. महिनोन्‌महिने फोटो बघून जे साधलं नव्हतं, ते उन्हानं साधलं होतं, आणि मास्तर ते रोज संध्याकाळी पुसून टाकत होते. मेहुणा त्या पहिल्या दिवशीही खरं बोलला होता, आणि जेवताना ताटावरही. मास्तरांनी चपला घातल्या. कुलूप लावलं. ओढून बघायचं राहून गेलं.

मेहुणा गोदामात उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांमध्ये बसला होता. मास्तरांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. चूक माझी होती, हे वाक्य दोनदा अर्ध्यावर तुटलं, तिसऱ्यांदा पुरं झालं.

मेहुण्यानं त्यांच्याकडे निरखून बघितलं, मास्तर दुधाकडे बघतात तसं. "ताईनं पाठवलं ना?"

"तिला अजून सांगितलेलंच नाही."

"आणि नळी आपोआप वाकली."

"आपोआप नाही. उन्हानं."

"भावोजी, मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही मानणार."

मास्तरांना राग आला नाही. त्यांनी स्वतःही मानलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेहुणा बॅग घेऊनच आला. गोदामात ठेवली तर चोरीला जाईल, म्हणाला. बॅग त्यानं दाराशीच ठेवली. बायकोनं वर्गाला सुट्टी दिली. कशासाठी बसायचं आहे ते मास्तरांनी सकाळीच तिला सांगितलं होतं. ती "हं" म्हणाली होती. पण तो शब्द तरी होता. तिघं खुर्च्या मांडून खिडकीपाशी बसले. मास्तरांनी नळी सरळ करून ठेवली होती.

आणि नेमकं आभाळ भरून आलं.

ऊन छपरावर आलं, डोकावलं आणि गेलं. नळी ताठ. आजवर त्यांनी शेकडो लोकांवर संशय घेतला होता, पण आपलं कुणी खरं मानत नाही म्हणजे काय, हे मागच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून ते विसरले होते.

मेहुणा म्हणाला, "हा तर अजून पार्किंगमध्येच उभा आहे."

मास्तरांना राहवेना. नळीकडे त्यांचा हात गेला.

"अहो, हात लावू नका," बायको म्हणाली. "पुरावा आहे तो."

मेहुण्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो उठला, खिडकीतून वाकून वर आभाळाकडे बघितलं, दाराशी जाऊन बॅग उचलली. मास्तर खुर्चीतून अर्धवट उठले. पण त्यानं बॅग आणून खाटेपाशी टाकली आणि पायानं खाटेखाली ढकलली.

"उद्या पडेल ऊन," तो म्हणाला. "बघू."

बायको चहा टाकायला आत गेली, आणि जाताना मास्तरांना विचारून गेली, साखर किती घालू म्हणून.