नांदवलेलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड निवडायचा हक्क या भूतलावर एकाच माणसाला द्यावा आणि बाकीच्यांनी गप्प बसावं, असं माझं ठाम मत आहे. तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आचऱ्यात माडांची छोटी बाग, अंगात बनियन, कमरेला पंचा, नाकाच्या टोकावर चष्मा आणि समोर पडद्यावर ट्रक. मामांनी उभ्या जन्मात स्कूटरसुद्धा चालवली नाही. पण कॉम्प्युटरवरच्या खेळातला ट्रक ते परदेशातल्या महामार्गांवरून असा हाकतात की वळणावर मामी दाराची चौकट धरते. या ट्रकापायीच त्यांना कार्डाचं वेड लागलं. पडद्यावरची चित्रं झरझर रंगवणारा कॉम्प्युटरमधला हा भाग, चांगला घ्यायचा तर खिशाला भोक पडतं. मामांना तो चांगलाही हवा होता आणि भोकही नको होतं. म्हणून त्यांनी अभ्यास सुरू केला, आणि कार्ड घरात आल्यावरही तो अभ्यास संपला नाही.

त्यांच्या तावडीत मी सापडलो तो मुंबईतली माझी कंपनी बंद पडली तेव्हा. मी बायकोला घेऊन गावी, म्हणजे आचऱ्यालाच, आईजवळ राहायला आलो. घर बांधण्याआधीच ते कसं दिसेल हे कॉम्प्युटरवर दाखवणं हा माझा धंदा. बांद्याच्या एका रिसॉर्टवाल्याने त्याच्या न बांधलेल्या रिसॉर्टची फिल्म मागितली होती. ती वेळेवर मिळाली आणि आवडली, तर त्याची पुढची सगळी कामं माझी. नाही तर मला पुन्हा मुंबईतली भाड्याची खोली आणि आईला पुन्हा एकटं घर. माझा जुना कॉम्प्युटर मात्र एक खोली रंगवायला सकाळची संध्याकाळ करायचा. ‘उद्या कुडाळला जाऊन कार्ड घेऊन येतो,’ एवढंच मी बोललो, आणि मामांनी माझ्याकडे मी मुलगी न बघता लग्न ठरवून आल्यासारखं पाहिलं.

मामा कार्ड पारखतात ते बाजारात सुरमई पारखावी तसं. किंमत अगदी शेवटी. आधी उलटं करून बघणार, मग नाकाशी नेऊन जळका वास येतो का ते हुंगणार, मग स्क्रूंची डोकी तपासणार, कारण आमच्या खाऱ्या वाऱ्यात जे आधी गंजतं ते स्क्रूचं डोकं. रंगीत दिव्यांच्या कार्डांवर त्यांचा विशेष राग. “लायटिंग व्हया तर गणपतीची माळ लावा, जावयानु! कार्ड काय आरास करूक घेतास?” भाचीचा नवरा म्हणून मला ते मानाने ‘तुमी’ म्हणतात आणि त्या मानानेच झाडतात. कित्येक कार्डांना नकार दिल्यावर म्हापशाच्या एका गृहस्थाचं वापरलेलं कार्ड त्यांच्या मनास आलं. आम्ही ते आणायला गेलो तेव्हा त्यांनी त्या गृहस्थाला कार्डाबद्दल कमी आणि घरात कुणी सिगरेट ओढतं का याबद्दल जास्त विचारलं.

येताना गोव्याची दारू पकडणाऱ्या इन्सुलीच्या नाक्यावर गाडी अडवली. गोव्याकडून येणारा माणूस मांडीवर पंच्यात गुंडाळलेला खोका धरून बसलेला. कुणालाही संशय यावा. साहेबांनी विचारलं, “यात काय आहे?” सरकारी माणूस दिसला की मामांची मालवणी पळून जाते आणि शुद्ध मराठी अवतरते. ते गाडीतून उतरले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “साहेब, सदर वस्तू पेय नाही. यात आठ जीबी स्मृती आहे.” पुढे साहेबांना कार्डाचे पंखे, त्यांचा आवाज आणि खाऱ्या हवेचे दुष्परिणाम इतकं सविस्तर ऐकावं लागलं की मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी साहेबांनीच हात जोडले.

घरी आल्यावर खरा सोहळा सुरू झाला. लोक कार्ड आणलं की त्याचा वेग वाढवायला धावतात. मामा त्याची वीज कमी करतात. कारखान्यातून येतानाच कार्डाला गरजेपेक्षा जरा जास्त वीज पाजलेली असते, ती थोडीथोडी उतरवत न्यायची. काम जवळपास तेवढंच होतं आणि ताप पुष्कळ कमी होतो, असं त्यांचं शास्त्र. वीज फारच उतरली की पडदा काळा होतो. मी घाबरायचो, मामा खूश व्हायचे. “हां, गावली ह्याची हद्द!” मग एक पायरी वर. दर वेळी कॉम्प्युटरच्या पेटीवर तळवा ठेवून, डोळे मिटून ते तापाचा अंदाज घ्यायचे. ते बघून मामी एकदा म्हणाली, “सगळो जलम गेलो, माज्या कपाळार कदी असो हात ठेवल्यानी नाय ह्येनी!” मामांनी डोळे न उघडता सांगितलं, “कार्ड पळवूचा नसता, नांदवूचा आसता.” मामीला यात स्वतःविषयी काही सापडलं की काय कोण जाणे, पण ती चहा ठेवायला गेली.

फिल्म रंगवायला घेतली आणि देवाचा कौल होऊन गावपळण ठरली. दर काही वर्षांनी आमचा अख्खा गाव गुराढोरांसकट, कोंबड्यांसकट वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस राहतो. मागे माणूस उरत नाही, चूल पेटत नाही. रिसॉर्टवाल्याची मुदत नेमकी त्यानंतरच्या सकाळची. मी भीत भीत विचारलं, “कॉम्प्युटर घरात चालू ठेवून गेलो तर?” मामा दुखावले. “गाव रिकामो म्हंजे रिकामो! तुमचा मशीन जागा रवला, तर गाव रिकामो कसो?” मालवणात लॉजवर जाऊन बसतो म्हटलं, तर माझ्या आईकडे बोट दाखवून म्हणाले, “आवस झोपडीत आनि तुमी लॉजार?” मी कॉम्प्युटरच्या वायरी काढायला घेतल्या.

टेम्पोत आईच्या शेजारी तांदळाचा डबा, डब्याशेजारी कोंबड्यांची पाटी आणि पाटीशेजारी माझं आयुष्य, असे आम्ही वेशीबाहेर पडलो. मामांनी मंडपवाल्याचा छोटा जनरेटर मिळवला होता. काम सुरू केलं मात्र, त्याने दोन आचके दिले आणि तो बंद पडला. कॉम्प्युटरचा भार त्याला पेलेना. मी मुदतीचे उरलेले तास मोजायला लागलो. मामा मात्र चटईवर मांडी घालून बसले आणि त्यांनी कार्डाची वीज आणखी उतरवायला घेतली, या वेळी वेगाची पर्वा न करता. दुपार कलली तेव्हा जनरेटर एका सुरात चालू लागला. “सावकाश जातला,” मामा म्हणाले, “पन जातला.”

तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी नारळ ठेवला, आजूबाजूच्या झोपड्यांतली माणसं बोलावली आणि रीतसर गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, आमच्या जावयानी जा काम हातात घेतल्यानी हा, ता येळार पुरा होवंदे!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले.

“कार्डाक ताप येवंदे नको, जनरेटराक ठसको लागांदे नको, नि वायरीर चोच मारनाऱ्या कोंबड्यांका सद्बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

माझी आईसुद्धा हात जोडून ओरडली. तिला त्या पेटीत काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. मी जाणार की राहणार एवढंच ठाऊक होतं.

गाव पुन्हा भरायचा कौल झाला तेव्हा शेवटचं चित्र रंगून तयार होतं. मी तसाच मोटरसायकलवर बांद्याला गेलो. रिसॉर्टवाल्याने फिल्म दोनदा बघितली आणि पुढच्या कामाचे नकाशे माझ्या हातात ठेवले.

पेढे घेऊन मामांकडे गेलो. त्यांचा एकुलता एक मुलगा शिक्षण होताच मुंबईला गेला, तिथून पुढे परदेशी. घरात त्याचं नाव फारसं निघत नाही. मी म्हटलं, “मामा, तुमच्यामुळे मी गावात राहिलो.” त्यांनी पेढा मोडला, अर्धा मामीसाठी ठेवला.

“आमचो झील गेलो ना,” ते म्हणाले, “तेवा तेका ‘रव’ म्हनूक माज्याकडे कायच नाय हुता. तुमच्या येळेक निदान कार्ड तरी हुता.”

आज मी आईच्या हातचं जेवून माझ्याच घरात कामाला बसतो. मामांचे आभार मी येता-जाता मानतो, ते प्रत्येक वेळी हात झटकतात. पण एका बापाच्या ओठांवर मुलासाठी अडकलेला ‘राहा’ हा शब्द माझ्या वाट्याला आला, त्याची परतफेड कशी करावी हे मला अजून समजलेलं नाही.