ब्रेकबाईंचं हसू

ब्रेकबाईंचा चेहरा रागीट आहे, हे कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. अख्खा जन्म नवशिक्यांच्या शेजारी बसून गाडी शिकवण्यात गेल्यावर माणसाचा चेहरा काय लोण्यासारखा राहणार आहे? त्यांच्या बाजूला एक वेगळा ब्रेक बसवलेला होता आणि त्यांचा पाय सदानकदा त्यावर. शिकणाऱ्यानं स्टिअरिंग भलतीकडे फिरवलं की तो पाय खाली जायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. त्यावरूनच हे नाव पडलं. सवय इतकी मुरलेली की घरी खुर्चीत बसल्या तरी पाय फरशी दाबत असायचा. टीव्हीवर कुणी रस्ता ओलांडत असलं तरीसुद्धा.

गंमत म्हणजे शिकणाऱ्यांना हा रागीट चेहरा कधी धड दिसलाच नाही. त्यांना दिसायचा एक कान, एक गाल, आणि ऐकू यायचं, "आरसा बघा. आरसा काय केस विंचरायला दिलाय?" त्यातून माणसं गाडी शिकायची आणि पुढे आपल्या मुलांनाही बाईंकडेच पाठवायची.

मग ड्रायव्हिंग स्कूल बंद पडलं. मालकानं गाळा विकला. दोन ब्रेकवाली जुनी गाडी तेवढी बाईंनी साठवणीतले पैसे घालून स्वतः घेतली. हल्ली लोक शिक्षकाच्या दाराशी येत नाहीत, वेबसाइटवर फोटो बघून शिक्षक निवडतात, हे त्यांना गाडी घेतल्यावर कळलं. विद्यार्थी मिळाले नाहीत तर गाडी विकायची आणि मावसभावाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, एवढंच उरलं होतं. मावसभाऊ चांगला होता. पण गल्ल्यावर बसायचं मनात आलं की बाई फडकं घेऊन गाडी पुसायला जायच्या.

त्यांनी आधी लायसन्सवरचा फोटो पाठवला. वेबसाइटनं तो परत केला, अस्पष्ट आहे म्हणून. मग गाडीला टेकून, काळा चष्मा लावून काढलेला पाठवला. डोळे दिसत नाहीत, म्हणे. "डोळ्यांनी मी रस्ता बघते, यांना काय करायचेत माझे डोळे?" बाई फोनवरच डाफरल्या. पुढचा त्यांचा स्वतःचा आवडता होता. एका जुन्या विद्यार्थिनीनं गाडी सिग्नलला उभी असताना काढलेला. बाजूनं दिसणारा चेहरा, नजर समोर रस्त्यावर, हात मांडीवर. "ही खरी मी," बाई म्हणाल्या. वेबसाइट म्हणाली, पूर्ण चेहरा हवा.

शेवटी लेकीनं खिडकीसमोर उभं करून समोरून फोटो काढला. तो चालला. म्हणजे वेबसाइटला चालला, माणसांनी ढुंकूनही बघितलं नाही. बाईंच्या शेजारच्याच चौकटीत एक तरुण शिक्षक होता, हाताची घडी, बत्तीशी बाहेर. त्याला गाडी बाईंनीच शिकवली होती, आणि रिव्हर्स घेताना त्यानं शाळेची भिंत पाडली होती. आता त्याच्याकडे महिनाभर जागा नाही.

"हसतोय काय मेला," बाई म्हणाल्या. "भिंत पाडलीस ते लिही की खाली."

"आई, लोकांना भिंतीचं काय माहीत? फोटोतलं माणूस आपलं काम जाणणारं वाटलं पाहिजे, आणि भेटावंसंही वाटलं पाहिजे."

"मी भेटावीशी वाटत नाही?"

"फोटोत नाही," लेक म्हणाली.

मग हसायचा सराव झाला. बाई हसल्या की दाढ ठणकतेय असं दिसायचं. दोघीही वैतागल्या. लेक एका छापखान्यात जाहिरातींची चित्रं जुळवायची. "राहू दे, मी बघते काय ते," असं म्हणून तिनं फोन उचलला आणि आपल्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर बाई हसत होत्या. तेच कपडे, तीच खिडकी, आणि तोंडभर मोकळं हसू. बाईंनी फोटो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. हे कसं केलंस, असं त्यांनी विचारलं नाही. आवडला होता ना. आणि संध्याकाळच्या आत पहिलं बुकिंग आलं.

बुकिंग करणारी औषधांच्या दुकानात कामाला होती. चाळिशी ओलांडलेली, पर्स छातीशी धरून दुकानासमोर उभी. गाडीत बसण्यापूर्वी शिक्षकाचा चेहरा फोटोशी ताडून बघा, अशी वेबसाइटची सूचना होती आणि ही बाई सूचना पाळणारी निघाली. तिनं फोनकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, परत फोनकडे.

"त्या मॅडम नाही आल्या?"

"कुठल्या त्या? मीच ती."

"जरा हसून दाखवता का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हसून दाखवायचं. पण गल्ला आठवला, आणि त्यांनी ओठ ताणले.

औषधवाली एक पाऊल मागे सरकली. "फोटोत गालाला खळी पडलीय," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला नाही पडत. माफ करा हं, मला आधीच गाडीची भीती वाटते." आणि तिनं 'चेहरा जुळत नाही' या खुणेवर बोट ठेवलं. दुपारपर्यंत वेबसाइटवरचं बाईंचं पान बंद. ताबडतोब कॅमेऱ्यासमोर बसून खरा फोटो द्या, मगच उघडेल.

बाईंनी गाडीच्या आरशात स्वतःचा गाल बघितला. त्यांच्या घरात खळी एकाच माणसाला पडायची.

"माझ्या तोंडावर तुझं हसू चिकटवलंस?" दारातून आत येतायेताच त्यांनी तोफ डागली. "रस्त्यावर तोतया ठरवलं मला त्या बाईनं. विचारायचंस तरी."

"आधी तुझंच शोधत होते," लेक म्हणाली. तीही आता चिडली होती. "सगळे जुने फोटो काढून बसले. माझ्या वाढदिवसाला तू मेणबत्तीकडे बघतेयस, माझे केस पेटतील म्हणून. समुद्रावर लाटांकडे बघतेयस. मी सायकल शिकतेय तिथे मी हसतेय, आणि तू सीट धरून जीव गेल्यासारखी. एकाही फोटोत हसत नाहीस तू. मग कुणाचं लावायचं होतं?"

"कुणीतरी लक्ष ठेवायला नको?"

"नको असं कुठे म्हणतेय मी?"

बाई धपकन खुर्चीत बसल्या. "काढ," म्हणाल्या.

लेकीनं फोन धरला. बाईंच्या कपाळावर आठ्या, ओठ घट्ट. वेबसाइट म्हणाली, चेहरा सैल ठेवा. पुन्हा काढला, पुन्हा तेच. लेकीवर हात टेकायची वेळ आली. फोन खाली घेताना तिची नजर फरशीवर गेली.

"आई, पाय उचल."

"काय?"

"पाय. दाबून धरलायस बघ. इथे कुणी गाडी चालवत नाहीये."

बाईंनी खाली बघितलं. बोटं पांढरी पडली होती. त्यांनी पाय उचलला, आणि उतारावर गाडी सुटावी तसं त्यांना क्षणभर झालं. तेवढ्यात लेकीनं फोटो काढला.

फोटोत हसू नव्हतं, रागही नव्हता. जीव मुठीत धरून बसलेली एक बाई होती.

"अगंबाई," बाई म्हणाल्या. "मी ही अशी दिसते?"

लेकीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "मला लहानपणापासून वाटायचं, तू माझ्यावर चिडलेली असतेस," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला. "पाठव तोच," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे वेळ नाही पुन्हा पुन्हा नटायला."

वेबसाइटनं फोटो घेतला आणि पान उघडलं. बुकिंगांची काही रांग लागली नाही. पण औषधवालीचं बुकिंग अजून तसंच पडून होतं, नवा फोटो बघून ते तिनं पुढच्या सकाळचं करून घेतलं. बाई वेळेच्या आधी दुकानासमोर हजर. औषधवाली आली, तिनं फोन काढला, बाईंकडे बघितलं, परत फोनकडे. बाईंच्या नाकाचा शेंडा लाल व्हायला लागला.

"आता काय?"

"यात तुम्ही घाबरलेल्या दिसता," औषधवाली चाचरत म्हणाली, "आणि आत्ता तर..."

"चिडलेली."

"हो. म्हणजे नीट जुळत नाहीये."

बाईंनी तिच्यासाठी दार उघडून धरलं. "तुम्ही बसा, गाडी सुरू करा," त्या म्हणाल्या. "मग जुळेल."

औषधवालीनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. मग फोन पर्समध्ये टाकला, पर्स मागच्या सीटवर ठेवली, आणि ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली.