तिसरी पायरी

माझ्या अप्पांचा देह कुठे सापडेल, ते आमच्या सरांनी गणित करून सांगितलं होतं.

ते सर आज सकाळी गेले. कुंभकोणममध्येच, राहत्या घरी.

कॉलेजात ते आम्हाला कॉम्प्लेक्स अॅनालिसिस शिकवायचे. फळ्यावर इंग्लिश, बोलताना तमिळ. आमच्या घरी आले की मात्र पिढ्यान्पिढ्या इकडे राहिलेल्या आम्हा मराठी लोकांची जुनी मराठी.

पुलाच्या खांबाभोवती पाणी कसं वळतं, याची समीकरणं मांडणं ही त्यांची आवड. आणि नॉनलिनिअर डायनॅमिक्सबद्दल एकच वाक्य : "सुरुवातीस बोटभर फरक, शेवटास कोसभर."

मी लिहून घ्यायचे. परीक्षेपुरतं.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. तमिळ आडी महिना, म्हणजे आषाढ-श्रावण. धरणाचं पाणी सुटलेलं, कावेरी काठोकाठ. नदीची पूजा करायला आई-अप्पा घाटावर गेले.

अप्पा तांब्या भरायला दुसऱ्या बुडालेल्या पायरीवर उतरले.

आई म्हणाली, "तेथें गढूळ आहे. आणखी एक उतरा."

ते उतरले.

आवाजसुद्धा झाला नाही, असं आई सांगायची.

फायर सर्व्हिसवाल्यांनी प्रवाहाच्या दिशेने पार खाली तिरुविडैमरुदूर गावापर्यंत शोधलं. काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. हातात छत्री, आणि पोत्यात चुना फासलेले नारळ.

"अक्का, कोठल्या पायरीवर होते?"

आईने बोट दाखवलं. तिसरी.

सरांनी तिथून एकेक नारळ सोडला. सगळे मधल्या धारेत गेले, पुलाखाली शिरले आणि एकाच खांबामागे जाऊन थांबले. जागच्या जागी गरगरत.

पाण्यावर पांढरी डोकी. एकामागून एक येऊन मिळणारी.



मग, का कोण जाणे, सरांनी एक नारळ दुसऱ्या पायरीवरून सोडला.

तो चार हात गेला, वळला, आणि काठावर उभ्या बायकांच्या पायाशी येऊन लागला.

सरांनी आणखी एक सोडला. तोही तसाच परत आला.

तिसरा त्यांनी हातातच ठेवला.

आई तोंडावर पदर घेऊन बसली होती. तिने पाहिलं नाही.

मी पाहिलं.

वहीच्या कागदावर पूल काढून सरांनी खांबामागे फुली मारली आणि कागद फायर सर्व्हिसवाल्यांना दिला. तासाभरात अप्पा तिथेच सापडले.

तेराव्याला सर घरी आले. आईने विचारलं, "सर, मी उतरा म्हटलें नसतें तर?"

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"अक्का, दोन्ही पायऱ्यांवरून पाणी एकाच ठिकाणीं जातें. मी मोजलें आहे."

एक चिन्ह चुकलं म्हणून पूर्ण उत्तर खोडणारा माणूस, माझ्या आईच्या डोळ्यांत बघून, अगदी शांतपणे खोटं बोलत होता.

आई त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ती दुसरी पायरी..."

"तूं पाहिलेंस?"

"हो."

"मग कोठें बोलूं नको. ती आहे तोंवर."

त्यानंतर आई बारा वर्षं जगली. अप्पांची आठवण काढायची, रडायची, पण स्वतःला दोष द्यायची नाही. गेल्या वर्षी ती गेली.

मी आता हाच विषय शिकवते. नदीचं उदाहरण देत नाही.

सर, आज मी हे पहिल्यांदाच बोलले. रागावू नका.

तुम्हाला शेवटचा नमस्कार.