ताईची नटवलेली शीर्षकं

वकिलाच्या ऑफिसात ताईने टाइप केलेला कागद लांबूनही ओळखू यायचा. शीर्षक मोठं, ठळक, खाली रेघ, आणि स्पेसबार बडवून बडवून बरोबर मधोमध आणलेलं. "कागद कसा नटूनथटून बाहेर पडला पाहिजे," म्हणायची, आणि इतरांच्या कागदांकडे बघून नाक मुरडायची.

शाळेत शिकवणाऱ्या धाकट्या भावाची नजर गेली, तेव्हा त्याच्या विज्ञानाच्या टिपणांचं बाड तिनेच टाइप केलं. शाळेने त्याला सोमवारी एक तास घेऊन दाखवायला सांगितलं होतं. जमला तर वर्ग परत मिळणार, नाहीतर शिकवणं कायमचं बंद. भाऊ नकलांत पटाईत. मुख्याध्यापकांचा घोगरा आवाज काढून म्हणाला, "सर, पोरं प्रश्न विचारणार, आणि तुम्ही उत्तर शोधेपर्यंत घंटा व्हायची!"

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तालीम सुरू झाली. ताई विद्यार्थिनी.

"सर, आरशाचं गणित परत सांगा ना."

मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकावरची, पुढच्या शीर्षकावर उडी मारायची कळ भावाने दाबली. "पुढे शीर्षक नाही," संगणक म्हणाला. पुन्हा दाबली. "पुढे शीर्षक नाही."

"नाही म्हणजे? एवढं ढळढळीत आहे! डोळे फुटले का मेल्याचे?" ताई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

भाऊ खो खो हसला. "माझे गेले गं, त्याला तर मुळातच नव्हते!" मग संगणकासारखाच सपाट आवाज काढत म्हणाला, "उष्णता पूर्णविराम प्रकाश पूर्णविराम... ताई, तू अक्षरं मोठी केलीस, पण हे शीर्षक आहे असं त्याला सांगितलंच नाहीस. आरशापाशी पोचायला मला पहिल्या ओळीपासून त्याची बडबड ऐकावी लागते. वर हेडिंग स्टाइलचं बटण आहे बघ, ते दाब, म्हणजे त्याला कळेल."

ते बटण ताईला रोज दिसायचं. आळशांची सोय म्हणून तिने त्याला कधी हात लावला नव्हता. आता लावला. शीर्षक मधोमधून सरकलं आणि निळंशार झालं.

"शी! काय हे ध्यान!"

"मला चालतंय," भाऊ म्हणाला.

ताईने एकेक शीर्षकाची रेघ पुसली, स्पेस उडवल्या, स्टाइल लावली. 'लोलक' तेवढं फार देखणं दिसत होतं, ते तसंच ठेवलं. शेवटी डोळे मिटून तीच कळ दाबत गेली. उष्णता आली, प्रकाश आला, आरसा आला. लोलक आलाच नाही. क्षणभर ती अंधारात तशीच बसून राहिली. मग डोळे उघडून त्याचाही साज उतरवला.

सोमवारी ती वर्गात मागच्या बाकावर बसली. दारात मुख्याध्यापक, हातावरच्या घड्याळाकडे डोळे लावून.

"सर, लोलकाचं गणित डोक्यावरून गेलं," एक मुलगी म्हणाली.

ताईने डोळे मिटले. टक, टक, टक. कळ थांबली आणि भावाचा आवाज सुरू झाला. मुख्याध्यापकांची नव्हे, कुणाचीच नक्कल नसलेला, त्याचा स्वतःचा.

घंटेला अजून बराच वेळ होता.