मशीन बदललेलं घड्याळ

बाबा गेले त्याला तीन महिने झाले होते. मालवणच्या बाजारातलं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान मी रोज सकाळी उघडत होते आणि दुपारी बंद करत होते. दुकान म्हणजे एका कापडवाल्याच्या ओट्यावरची काचेची पेटी, एक स्टूल आणि वाकवता येणारा दिवा. दुरुस्तीला दिलेली घड्याळं न्यायला लोक येत, बाबांबद्दल दोन शब्द बोलत आणि माझ्या तोंडाकडे बघत राहत. मी चिठ्ठीवरचा छापील नंबर बघून घड्याळ काढून देई. मला रडू येत नव्हतं. आई म्हणे, "गो, रडान घे एकदा, बरा वाटतला." मी बरं म्हणे आणि भांडी घासायला बसे.

मी त्यांची एकुलती एक. सातवीनंतर शाळा सुटली आणि दुपारी त्यांना जेवणाचा डबा पोचवता पोचवता मी तिथेच बसायला लागले. शिकवायचं असं त्यांनी कधी ठरवलं नसावं. हातातलं काम थांबवून ते एखादं घड्याळ माझ्यापुढे धरत आणि विचारत, "खरा काय खोटा?" त्या काळात गोव्यात पोर्तुगीज होते आणि स्विस घड्याळं तिकडून लपतछपत येत. त्यात बनावटही पुष्कळ. मी घाईने मागचं झाकण उघडायला गेले की ते हात धरत. "आधी हातार घे. वजन बघ. मगे चावी दी. मगे डायल. उघडूचा सगळ्यात शेवटी." भिंगातून डायल बघायला त्यांनीच शिकवलं. कारखान्यातली अक्षरं डायलमध्ये मुरलेली दिसतात, नंतर रंगवलेली वर बसलेली दिसतात. काट्यांवरचं रेडियम आणि आकड्यांवरचं रेडियम सारखंच पिवळं पडलेलं हवं. एक जरी पांढरं असलं तरी काटे दुसऱ्या घड्याळाचे. "एक गोष्ट बरोबर गावली म्हणान थांबा नको," ते म्हणत. "सगळा जुळाक व्हया."

शिमगा होऊन गेल्यावर देवगडचे एक आंब्याचे व्यापारी दुकानात आले. बाबांकडे त्यांचं जाणं-येणं होतं, मी त्यांना काका म्हणायची. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मुलाकडच्यांनी हातातलं स्विस घड्याळ मागितलं होतं. गोवा मोकळा होऊन दोनेक वर्षं झाली होती, तिकडून येणारा माल थांबला होता, आता बाजारात नवीन म्हणून काय विकलं जाईल याचा भरवसा नव्हता. तळेऱ्याजवळच्या एका गावात एका बाईकडे तिच्या नवऱ्याचं जुनं घड्याळ आहे, असं काकांना कळलं होतं.

"माका घड्याळातला काय्येक कळणा नाय," ते म्हणाले. "मुंबयचे ते लोक घड्याळवाल्याक दाखवतले. खोटा निघाला तर माझ्या चेडवाक आयुष्यभर ऐकूक लागतला. तुझ्या बापाशीन तुका शिकयलेला मा? तू ये नि बघ."

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "जा. ते आसते तर गेले आसते." मी भिंग, चिमटा आणि झाकण उघडायची सुरी रुमालात बांधली.

एस.टी.तून तळेऱ्याला उतरलो आणि तिथून अर्धा तास काजूच्या बागांमधून चालत गेलो. उन्हाने वाट तापली होती. काका बोलत होते, मी हं-हं करत होते. ते काय बोलत होते ते आज एक अक्षर आठवत नाही.

त्या बाई साठीच्या होत्या, सडसडीत आणि ताठ. नवरा तांडेल होता, मालाच्या गलबतावर. तरुणपणी तो एका मोठ्या बोटीवर एडनपर्यंत जाऊन आला होता आणि येताना हे घड्याळ आणलं होतं. तो वारून चार वर्षं झाली होती. मुलगा नव्हता, दोन्ही मुली सासरी. बाईंनी पत्र्याच्या पेटीतून कापडात गुंडाळलेलं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"पेटयेत गंजान जाण्यापरास कोणाच्या तरी हातार ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "अस्सल आसा. तेंनी माझ्यासमोर पेटयेतसून काढलेला, कागदासकट."

वजन बरोबर होतं. डायल पिकून पिवळसर झाला होता, कडेला डागाळला होता, पण अक्षरं मुरलेली होती. काट्यांचं आणि आकड्यांचं रेडियम एकाच रंगाचं होतं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चावी दिली. चावी किंचित तिरकी फिरत होती, आत चावीची दांडी कुठेतरी घासत होती. मी दारापुढच्या खळ्यातल्या उजेडात जाऊन बसले, झाकणाच्या फटीत सुरी घातली आणि उघडलं.

मशीन बरं होतं, चालू होतं. पण ते त्या केसचं नव्हतं. थोडं लहान पडलं म्हणून त्याच्याभोवती पितळेची बारीक कडी बसवली होती. कडी हाताने कानसलेली होती, फार नीट कानसलेली.

"केस खरी आसा," मी म्हटलं. "डायल नि काटे खरे आसत. मशीन बदललेला आसा."

"म्हणजे खोटा?" काकांनी विचारलं.

"मशीन दुसऱ्या घड्याळाचा आसा."

बाई उठून उभ्या राहिल्या. "कायतरी काय बोलतंस! माझ्या घोवान दुसऱ्या कोणाक हात लावूक दिल्यान नाय त्या घड्याळाक. तुका काय कळता? कालचा चेडू तू."

मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. मी झाकण पालथं केलं. आतल्या बाजूला कारखान्याचे आकडे होते आणि त्यांच्याखाली सुईच्या टोकाने कोरलेली एक बारीक ओळ. मोडीत. दुरुस्ती केली की झाकणाच्या आत खूण करायची पद्धत सगळ्याच घड्याळवाल्यांची असते. मोडीत खूण करणारा आमच्या भागात मला एकच माहीत होता. मोडी मी त्यांच्याचकडून वाचायला शिकले होते.

बाबांचं अक्षर मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. त्यांची वही आईने ट्रंकेत ठेवून दिली होती. आता काहीतरी होईल, असं वाटून मी थोडा वेळ थांबले. काही झालं नाही. मी ती ओळ मोठ्याने वाचली.

"मशीन बदललें. खारें पाणी. ज्येष्ठ."

आणि खाली साल.

"खारा पाणी?" बाई म्हणाल्या. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. साल दोनदा विचारलं. मग त्या हळूच खाली बसल्या आणि सांगू लागल्या.

त्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस, पावसाआधीच्या शेवटच्या खेपेहून नवरा घरी आला तो तापाने फणफणून. वळवाच्या सरीत भिजलो, म्हणाला. हातात घड्याळ नव्हतं. साफ करायला मालवणात दिलंय, म्हणाला. महिन्याभराने घड्याळ आलं. तो मात्र पुन्हा कधी गलबतावर गेला नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि भातशेती आणि काजू बघायला लागला.

"मी तेंका किती बोललंय," बाई म्हणाल्या. "गुडघ्यांचा निमित्त करून घरात बसले म्हणान. चारचौघांत बोललंय. सात-आठ वर्सा बोललंय." त्या माझ्याकडे वळल्या. "बुडले होते मा ते? पाण्यात होते मा?"

"ता माका कसा कळतला?" मी म्हटलं. "घड्याळ पाण्यात होता. खूप वेळ होता, नायतर मशीन बदलूचा लागला नसता."

हे जरा मऊ करून सांगता आलं असतं. तेव्हा मला ते सुचलं नाही.

"तुझ्या बापाशीक म्हायत होता?"

"आसतला."

"तेणी तुका सांगल्यान नाय?"

"नाय."

काका चुळबुळत होते. त्यांनी घसा खाकरून सांगितलं, की बाई, घड्याळ चांगलं आहे, पण मला लग्नात द्यायचं आहे, मला अस्सलच हवं. बाईंनी मान हलवली. त्यांना त्याचं काही वाटलं नसावं. त्यांनी आत जाऊन आम्हाला कोकमाचं सरबत आणून दिलं. मी झाकण लावून घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं तेव्हा त्यांनी ते कानाशी धरलं आणि तसंच धरून आम्हाला वाटेपर्यंत सोडायला आल्या.

तळेऱ्याला एस.टी.ची वाट बघताना काका म्हणाले, "तू वाचूक नको होता गो ता. मशीन बदललेला, इतक्याच सांगूचा होता." थोड्या वेळाने म्हणाले, "नाय, बरा केलंस." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाले, "काय म्हायत."

घरी आल्यावर आईने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती बांगडे साफ करत होती. "त्या तांडेलाक मी बघलंय," ती म्हणाली. "दुकानात येऊन बसायचो तो. दोघय बोलत नसत. नुसते बसत." आणि तिने पुढचा बांगडा घेतला.

काकांनी मुंबईच्या एका ओळखीच्या दुकानातून नवं घड्याळ आणवलं. लग्न पार पडलं. आंबे उतरल्यावर त्यांनी आमच्याकडे एक पेटी पाठवली, ती आईने शेजारीपाजारी वाटून टाकली. तळेऱ्याच्या बाईंनी घड्याळ कोणालाच विकलं नाही असं पुढे काकांकडूनच कळलं. त्यांच्या धाकट्या मुलीचा नवरा देवगडला मच्छीमारी बोटीवर होता. त्यांनी त्याची बोटीवरची नोकरी सोडवली म्हणे, भांडून, आणि त्याला काजूच्या बागेत आणून ठेवलं. तो त्यांच्यावर रागावलेला होता. ते बरं केलं की वाईट, मला सांगता येणार नाही.

ही हकीकत काकांनी बाजारात सांगितली असावी, कारण त्या पावसाळ्यानंतर लोक घड्याळं घेऊन माझ्याकडे यायला लागले. दुरुस्तीला नव्हे, बघायला. कोणी कुडाळच्या बाजारात घेतलेलं घेऊन येई, कोणी पणजीहून. मी हातात घेई, चावी देई, भिंग लावी आणि जे असेल ते सांगे. काही जण खूश होऊन जात, काही जण घड्याळ खिशात टाकून ओट्यावरून उतरत. त्याच वर्षात कधीतरी मला रडू आलं असणार, कारण नंतर मी बाबांबद्दल बोलायला लागले. पण ते कुठल्या दिवशी आलं आणि कशावरून, ते मला खरंच आठवत नाही.